डिझेल कॉम्प्रेशन टेस्टरचा संच जुन्या ट्रॅक्टरवर कितपत खरा ठरतो

सकाळी सेल मारून मारून बॅटरी बसते, इंजिन कसंबसं सुरू झालं की पांढरा धूर, एक सिलिंडर मिस मारतो आणि ब्रीदरमधून (इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणारी नळी) भकाभका वाफ. अशा इंजिनाचं हेड उघडायचं की आधी नोझल आणि पंप दाखवायचा, हे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरमधली हवा किती दाबतो ते, मोजल्याशिवाय ठरत नाही. त्यासाठी सर्रास मिळणारा संच म्हणजे प्लॅस्टिकच्या पेटीतलं १००० पीएसआयपर्यंतचा दाब दाखवणारं घड्याळ (गेज), हातभर होज, एक क्विक कपलर आणि दहा-पंधरा अडॅप्टर. पेटीवरची नावं अनेक, आतला माल जवळपास एकच. हे परीक्षण त्या प्रकाराच्या संचाचं आहे, आणि तेही फक्त शेतीच्या जुन्या ट्रॅक्टरच्या नजरेतून.

मत आधीच सांगतो. संच कामाचा आहे, पण सिलिंडरची एकमेकांशी तुलना करण्यापुरता. इंजिनाचं कॉम्प्रेशन नेमकं इतकंच, असं छातीठोक सांगण्याइतका तो अचूक नाही. शिवाय विकत घेताना सगळे घड्याळाकडे बघतात. निकाल मात्र अडॅप्टरवर लागतो.

पेटीत काय कामाचं, काय अडगळ

अडॅप्टरची रांग बघून हुरळून जाऊ नये. निम्म्याहून जास्त अडॅप्टर ग्लो प्लगच्या (थंड सिलिंडर तापवणारा प्लग) आट्यांचे असतात: एम १०×१, एम १०×१.२५, एम १२×१.२५. ते मोटारगाड्यांसाठी आहेत. जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन बहुधा डायरेक्ट इंजेक्शनचं, म्हणजे डिझेल सरळ पिस्टनच्या डोक्यावर सोडणारं असतं, त्याला ग्लो प्लगच नसतो. असलाच तर इनटेक मॅनिफोल्डमध्ये आत येणारी हवा तापवणारा थर्मोस्टार्ट असतो आणि तिथून कॉम्प्रेशन मोजता येत नाही. म्हणजे उरला एकच रस्ता: इंजेक्टर काढायचा आणि त्याच्या जागी डमी इंजेक्टर, म्हणजे त्याच मापाचा पोकळ अडॅप्टर, बसवायचा. पेटीतले एम २० किंवा एम २४ आट्यांचे मोठे अडॅप्टरही इथे चालत नाहीत, कारण ट्रॅक्टरचा इंजेक्टर बहुतेक वेळा आट्यांनी बसत नाही. दोन स्टडवरच्या फ्लँजने किंवा एका क्लॅम्पने दाबलेला असतो.

त्यामुळे घेण्याआधी आपल्या इंजिनाचा एक इंजेक्टर काढून व्हर्नियरने तीन मापं घ्यावीत: हेडमध्ये जाणाऱ्या बुंध्याचा व्यास, कॉपर वॉशर जिथे टेकतो त्या खांद्याचा व्यास, आणि खांद्यापासून फ्लँजच्या खालच्या बाजूपर्यंतची लांबी. डमीची लांबी कमी असली तर फ्लँज हेडला टेकते पण वॉशर दाबला जात नाही, आणि कॉम्प्रेशन बाजूने फुसफुसतं. डमीचं टोक खांद्याखाली मूळ नोझलपेक्षा जास्त बाहेर आलेलं असेल तर ते पिस्टनला लागू शकतं. म्हणून पहिल्यांदा बसवल्यावर सेल मारायचा नाही. इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचं, कुठे अडत नाही ना बघायचं.

मापाचा डमी मिळालाच नाही तर त्याच जातीचा बाद इंजेक्टर कामाला येतो. स्प्रिंग, स्पिंडल आणि नोझलची सुई काढून टाकायची. नोझलचं पोलाद फार कडक असतं, साधं ड्रिल त्यावर नुसतं घसरतं. त्यापेक्षा टोक ग्राइंडरवर घासून सपाट केलं की आतली पोकळी आपोआप उघडी पडते. डिझेल येण्याचं आणि लीक-ऑफचं (उरलेलं डिझेल परत जाण्याचं) अशी दोन्ही तोंडं पक्की बंद करायची आणि वरच्या कॅपच्या जागी होजच्या आट्यांचा निपल बसवायचा. स्प्रिंगची रिकामी जागा शक्य तितकी भरून टाकावी, मधून वाट राहील अशी सळई घालून. का, ते पुढे येतं.

व्हॉल्व्ह कुठे आहे, हे सगळ्यात महत्त्वाचं

दाब आत गेला की परत येऊ नये म्हणून टेस्टरमध्ये सायकलच्या ट्यूबसारखा छोटा व्हॉल्व्ह असतो. तो डमीच्या टोकाजवळ आहे की होजच्या दुसऱ्या टोकाला, घड्याळापाशी, हे पेटी उघडून बघितलंच पाहिजे. पेट्रोल इंजिनात याने थोडा फरक पडतो, डिझेलमध्ये फार.

हिशेब करून बघा. अडीच लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, म्हणजे एका सिलिंडरला साधारण ८३० सीसी. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे हवा किती पटीने दाबली जाते तो आकडा, १७ धरला तर पिस्टन वर आल्यावर उरलेली जागा फक्त ५२ सीसी. आता ५ मिमी भोकाची ४० सेंमी होज घेतली तर तिच्या पोटात जवळजवळ ८ सीसी हवा मावते. व्हॉल्व्ह घड्याळापाशी असेल तर हे ८ सीसी प्रत्येक वेळी सिलिंडरचाच भाग होतात आणि १७ चा रेशो १५ च्या खाली येतो. दाबात हा फरक सहाव्या हिश्श्याचा पडतो. चांगलं इंजिन ४०० ऐवजी ३३५ दाखवतं आणि माणूस विनाकारण रिंग बदलायला निघतो. घरी केलेल्या डमीतली स्प्रिंगची पोकळी भरायची ती याच कारणाने.

या प्रकारच्या संचांत दोन्ही तऱ्हा सापडतात, आणि एकाच पेटीतल्या काही अडॅप्टरमध्ये टोकाला व्हॉल्व्ह, काहींमध्ये नाही, असंही असतं. टोकाला व्हॉल्व्ह असलेलाच घ्यावा. त्याची किंमत एवढीच, की होज प्रत्येक दाबाला थोडी थोडी भरत जाते आणि काटा शेवटच्या आकड्यावर यायला जास्त फेरे लागतात.

व्हॉल्व्हची पिन खराब झाली की टायरच्या ट्यूबची पिन घालायचा मोह होतो, दिसायला ती तशीच असते. घालू नये. टेस्टरच्या पिनेची स्प्रिंग मुद्दाम अगदी हलकी असते. टायरची स्प्रिंग ताठ असते आणि तिला उघडण्यात जितका दाब खर्च होतो तितका आकडा कमी येतो. टायरच्या पिनेचं रबर सिलिंडरच्या तोंडाशी गरम हवेत टिकतही नाही. संचासोबत दोन-तीन जादा पिना आल्या असतील तर ती या पेटीची जमेची बाजू समजायची.

घड्याळ

१००० पीएसआय म्हणजे सुमारे ७० बार. डायरेक्ट इंजेक्शनचं चांगलं डिझेल इंजिन सेलवर गरम असताना साधारण ३५० ते ४५० पीएसआय, म्हणजे २४ ते ३१ बार देतं. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा. म्हणजे काटा घड्याळाच्या खालच्या अर्ध्यातच फिरतो. घड्याळावर बारीक अक्षरात क्लास २.५ लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ पूर्ण मापाच्या अडीच टक्के, म्हणजे २५ पीएसआय इकडेतिकडे चालेल. ४०० लिहिलेलं ३७५ असू शकतं, ४२५ही. मॅन्युअलमधला आकडा ३९० आणि आपला ३७५ आला म्हणून झोप उडवून घेण्यात अर्थ नाही. पण त्याच घड्याळाने, त्याच होजने, त्याच दिवशी तिन्ही सिलिंडर मोजले तर ही चूक तिन्हींना सारखीच लागते. तुलना खरी राहते.

पेट्रोल गाडीचं ३०० पीएसआयचं घड्याळ डिझेलला लावायचं नाही. पहिल्याच दाबात काटा वाकतो, प्रसंगी काचही फुटते. उलट बाजूने, जुन्या पेट्रोल किंवा केरोसीनच्या ट्रॅक्टरला हा डिझेल संच उपयोगाचा नाही. त्यांचं कॉम्प्रेशन १०० पीएसआयच्या आसपास असतं आणि या घड्याळावर तो भाग बोटभरही नसतो.

मोजणी

आधी टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट. क्लिअरन्स शून्यावर आलेला एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरा बसत नाही आणि सगळी मोजणी फुकट जाते. जुन्या मॅसी फर्ग्युसनमधल्या पर्किन्सच्या ३.१५२ इंजिनाला थंड असताना १२ थाऊ (इंचाचे हजारावे भाग) म्हणजे ०.३० मिमी; दुसऱ्या इंजिनांना त्यांच्या मॅन्युअलप्रमाणे. मग इंजिन चालवून गरम करायचं, चालतच नसेल तर थंडच मोजायचं आणि कागदावर तसं लिहायचं. एक सिलिंडर गरम आणि दुसरा तासाभराने निवल्यावर, असं मात्र करू नये.

बॅटरी पूर्ण चार्ज हवी. सेल चालू असताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जाता कामा नये. इंजिन हळू फिरलं की हवेला रिंगांतून निसटायला आणि भिंतींना उष्णता द्यायला जास्त वेळ मिळतो, आकडा पडतो. मिनिटाला २०० फेऱ्यांच्या आसपास गती असावी, आणि तिन्ही-चारही सिलिंडरना तीच. अर्ध्यातच बॅटरी बसायला लागली तर शेवटचा सिलिंडर बिचारा उगाच बदनाम होतो. दुसऱ्या बॅटरीला जोडून घ्यावं.

ऑइल बाथ एअर क्लीनरमध्ये चिखल साचलेला असेल तर आतली हवाच अडते, म्हणून त्याचा पाइप मॅनिफोल्डपाशी सोडून ठेवावा. फोर्डसन मेजर किंवा डेक्स्टासारख्या न्यूमॅटिक गव्हर्नरच्या (इनटेकमधल्या हवेच्या ओढीवर गती सांभाळणारा) इंजिनांत इनटेकच्या तोंडाशी झडप असते. ती पूर्ण उघडी ठेवून बांधायची. डिझेलला थ्रॉटल नसतो असं धरून चालणारे इथे फसतात.

इंजेक्टर काढण्याआधी त्यांच्याभोवतीची माती कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची आणि डिझेलने धुवायची, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये जाते. सगळे इंजेक्टर काढायचे, एकच नाही. सगळे काढले की इंजिन हलकं आणि एकसारखं फिरतं, आणि चुकून सुरू होण्याचा प्रश्न उरत नाही. इंजेक्टरसोबत कॉपर वॉशर वर आला का, ते मोजून बघावं. तो खाली चिकटून राहतो, वरून दुसरा वॉशर घातला जातो आणि डमी वॉशरच्या जाडीइतका वर बसतो. तार वाकवून जुना वॉशर काढायचा. नवा नसेल तर जुना लालबुंद तापवून पाण्यात विझवायचा, तांबं मऊ होतं आणि पुन्हा नीट दाबलं जातं.

डिझेल बंद करणारी स्टॉपची दांडी ओढून बांधायची. रोटरी पंप असेल तर टाकीचा नळ बंद करू नये, पंपाला वंगण डिझेलचंच असतं. सुट्या पाइपांची तोंडं बाटलीत सोडायची. त्यांच्यासमोर हात धरायचा नाही, पंपाचं डिझेल कातडीत घुसू शकतं. ट्रॅक्टर न्यूट्रलला, पीटीओ (अवजार फिरवणारा शाफ्ट) सुटलेला, चाकांना पाचर. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही स्टार्टरवर पाना टेकवून सेल मारताना गिअर कोणी बघत नाही.

डमी बसवण्याआधी चार सेकंद रिकामा सेल मारायचा. आतलं काजळ, गंज, कधी पाणी बाहेर उडतं. तोंड लांब ठेवावं. हे केलं नाही तर तोच काजळाचा खडा पिनेच्या खाली जाऊन बसतो. मग डमी पहिल्या सिलिंडरवर, दोन्ही नट आलटून पालटून थोडे थोडे आवळायचे. एक नट पुरता आवळून मग दुसरा, असं केलं की फ्लँज तिरकी होते आणि वॉशर एका बाजूला गळतो. गळती ओळखायला बुंध्याभोवती थोडं तेल सोडावं, बुडबुडे दिसले तर परत उघडायचं.

चार-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत एक दाब. २०० च्या गतीने सहा दाब साधारण चार सेकंदांत होतात. काटा चढायचा थांबेपर्यंत, सहा ते आठ दाब, प्रत्येक सिलिंडरला तितकेच. पहिल्या उडीचा आकडा आणि शेवटचा आकडा, दोन्ही लिहायचे. सेल एका दमात दहा सेकंदांच्या वर नाही.

आकडे काय सांगतात

सिलिंडरमधला फरक १० ते १५ टक्क्यांच्या आत असेल तर कॉम्प्रेशनला दोष देऊ नये. इंजिन उठत नसेल तर नोझल, पंपाचं टायमिंग, हवा ओढणारी डिझेल लाइन इथे शोधावं. एक सिलिंडर २० टक्क्यांहून जास्त पडला असेल तर तिथे काहीतरी आहे. शेजारचे दोन सारखेच पडले तर दोघांमधलं हेड गॅस्केट जळालेलं असण्याची शक्यता मोठी.

पहिली उडी छोटी, मग प्रत्येक दाबाला काटा थोडा थोडा चढत जातो, हे रिंग आणि लायनरच्या झिजेचं लक्षण. पहिली उडी छोटी आणि पुढेही तिथेच घुटमळतो, तर व्हॉल्व्ह. होज भरायलाही पहिले एक-दोन दाब जातात, म्हणून ही उडी पुस्तकातल्या आकड्याशी ताडू नये. शेजारच्या सिलिंडरच्या उडीशी ताडावी.

साफ शून्य आलं तर घाबरून पिस्टन फुटला म्हणू नये. व्हॉल्व्ह कव्हर काढून त्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर हलतात का ते बघावं. बरेच दिवस उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरचा एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये गंजून उघडाच अडकलेला असतो, किंवा पुशरॉड वाकून निसटलेला असतो.

सगळेच सिलिंडर सारखे कमी आले तर आधी सेलची गती, एअर क्लीनर आणि टोकाची पिन तपासावी, मग व्हॉल्व्ह टायमिंग; सगळी झीज एकसारखी असण्याचा विचार त्यानंतर. उंचावरच्या भागात आकडा आपोआप कमी येतो: समुद्रसपाटीपासून १००० मीटरवर हवेचा दाबच सुमारे ११ टक्के कमी असतो. आकडा अपेक्षेपेक्षा जास्त आला तर खूश होऊ नये. सिलिंडरमध्ये तेल चढतंय किंवा काजळाचा थर साचलाय.

तेल घालून मोजण्याची जी युक्ती सगळे सांगतात, ती पेट्रोल इंजिनाची आहे. डिझेलमध्ये तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. वरच्याच उदाहरणात ५२ सीसीच्या जागेत चमचाभर, ५ सीसी तेल टाकलं की जागा ४७ उरते, रेशो १७ वरून साडेअठरावर जातो आणि ठणठणीत सिलिंडरचाही आकडा बारा-तेरा टक्क्यांनी वाढतो. रिंगांचा त्यात काही संबंध नाही. त्यात डायरेक्ट इंजेक्शनच्या पिस्टनला डोक्यावर खोलगट वाटी असते, बरंचसं तेल तिथेच बसून राहतं. करायचंच तर सगळ्या सिलिंडरना सारखं तेल घालून करावं आणि कुठला इतरांपेक्षा जास्त वाढला तेवढंच बघावं. ५ सीसीच्या वर अजिबात नको, तेल दाबलं जात नाही, पिस्टन अडून (हायड्रॉलिक लॉक) कनेक्टिंग रॉड वाकतो. नंतर इंजेक्टर न बसवता सेल मारून तेल उडवून टाकायचं, मगच जोडणी.

त्यापेक्षा खात्रीचा उपाय याच डमीने होतो, म्हणून हा संच जपून ठेवावा असं मत आहे. टोकाची पिन काढायची, संशयित सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (अगदी वरच्या टोकाला) आणायचा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, फॅन-पुलीपासून हात लांब, वरचा गिअर टाकून ब्रेक लावायचा आणि कॉम्प्रेसरची हवा हळूहळू सोडायची. सायलेन्सरमध्ये सूं ऐकू आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर क्लीनरच्या पाइपात आलं तर इनटेक, ब्रीदर किंवा तेल भरायच्या तोंडातून आलं तर रिंग-लायनर, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडला तडा. ब्रीदरमध्ये थोडी हवा चांगल्या इंजिनातही येते. घड्याळ जे सांगत नाही ते इथे कानाने कळतं.

संचाच्या कुरबुरी

क्विक कपलरमधली ओ-रिंग ही पहिली जाणारी वस्तू. काटा चढतो आणि सेल सोडताच खाली सरकायला लागतो, तेव्हा आधी तीच बघावी. मग दाब सोडण्याचं बटण, त्याच्या सीटवर कचरा बसतो. नवा संच घेतल्या घेतल्या कॉम्प्रेसरच्या हवेवर जोडून १०० पीएसआयला मिनिटभर धरून बघावा. काटा हलला तर तसाच परत द्यावा.

होज घड्याळाच्या निपलला चिमटलेली असते तिथे वाकून भेगा पडतात. पेटीत होज ठेवायची खाच इतकी आखूड असते की ती दुमडूनच बसते. बाहेर वेगळी ठेवलेली बरी. घड्याळाचं रबरी आवरण डिझेल लागून फुगतं, त्याने कामात अडत नाही. ग्लिसरीन भरलेलं घड्याळ मिळालं तर काटा कमी थरथरतो आणि पहिली उडी वाचायला सोपी जाते. सुक्या घड्याळात ती अंदाजानेच घ्यावी लागते.

एकाच जातीचा एकच ट्रॅक्टर असणाऱ्याने पंधरा अडॅप्टरची पेटी घेण्यापेक्षा घड्याळ-होज सुटी आणि आपल्या इंजेक्टरच्या मापाचा, टोकाला व्हॉल्व्ह असलेला एक डमी घ्यावा. गॅरेजवाल्याला पेटी परवडते, पण फ्लँजचे डमी त्यालाही वेगळे जमवावे लागतात. परत जोडताना कॉपर वॉशर नवेच घालायचे, लीक-ऑफचेही, आणि डिझेल लाइनमधली एअर काढून मगच सेल मारायचा.